झेंडोबाचा बारीक डोळा

मखमलाबाद रस्त्यावरच्या मळ्यात राहणाऱ्या मैनाचे हात एके काळी अर्धं नाशिक रोज दुपारी चार वाजता पाहत असे. तिचं तोंड मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी फुलबाजारात ती झेंडूची पाटी पुढ्यात घेऊन बसायची, तेव्हा आईचं बोट धरून आलेलं एखादं पोर पाटीकडे बघून म्हणायचं, "आई, झेंडोबाची फुलं." आई म्हणायची, "गप, भाव करू दे." मैना वजनकाट्याकडे बघत राही. सांगावंसं तिला कधी वाटलं नाही. ज्याला सांगायचं होतं ते माणूस नाशकात नव्हतंच.

मैनाचं सासर सिन्नरचं. लग्नानंतर दोन पावसाळे गेले आणि नवरा एसटीखाली सापडून वारला. ती माहेरी मळ्यात परतली. माहेरी परतलेल्या बाईला घरात जागा मिळते, पण तिच्याशिवाय अडावं असं काही नसेल तर ती जागा हळूहळू आक्रसत जाते. मैनाच्या बाबतीत तसं व्हायच्या आत भाऊ शेखर याची बायको बाळंतपणात गेली. शेखर इगतपुरीला रेल्वेत नोकरीला. मुलगी, तेजस्विनी, मैनाच्या ओटीत आली. आई भागुबाई म्हणाली, "देवानं एकीचं नेलं नि एकीला दिलं. आता हिशोब विचारू नको."

तेजू जेवायला फार त्रास द्यायची. तोंड मिटून घ्यायची आणि डोळे मोठे करून बघत बसायची. एकदा मैना भाकरी थापत होती, शेजारी हाराला आणलेल्या झेंडूची रास होती. तिने उरलेल्या पिठाची चानकी, म्हणजे लहान मुलांसाठी करतात ती तळहाताएवढी भाकरी, भाजली, पाटावर ठेवली आणि भोवती पाकळ्यांची आयाळ लावली. लवंगेचं नाक, दूर्वांच्या मिशा. डोळ्यांसाठी सीताफळाच्या बिया शोधल्या तर एकच सापडली, म्हणून दुसऱ्या डोळ्याच्या जागी उडदाचा दाणा बसवला. तेजू वाकून बघू लागली.

"हा काय करतो?" तिनं विचारलं.

"डोळा मिचकावतो. म्हणतो, आधी माझी आयाळ उडव, मग मला खा."

तेजूने गाल फुगवून फुंकर मारली. पाकळ्या चुलीपर्यंत गेल्या. सिंहाचं तोंड तिने कानापासून खायला सुरुवात केली आणि संपवलं. त्याचं नाव झेंडोबा तिनंच ठेवलं. पुढे सीताफळाच्या बिया ओंजळभर असल्या तरी एक डोळा उडदाचाच लागायचा. रात्री झोपताना ती मैनाच्या डाव्या मनगटावरच्या गोंदणावरून, तुळशीवृंदावनाच्या हिरव्या रेघांवरून, बोट फिरवत राहायची. रेघ संपायच्या आत झोप लागायची.

तेजूला चार पुरी व्हायच्या आत शेखरने दुसरं लग्न केलं. नवी बायको छाया वाईट नव्हती, हे मैनानेही नेहमी सांगितलं. पण इगतपुरीला नेल्यावर पोर दार धरून बसायची, आत्याचा धोसरा घ्यायची, छायाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची नाही. मग दोन्हीकडची वडीलधारी माणसं ओसरीवर बसली. छायाचे वडील म्हणाले, "वासरू दोन दाव्यांना बांधलं तर ते दोन्ही खुंटे उपटतं. पोर रुळेपर्यंत आत्यानं येऊ नये, तिलाही इकडं आणू नये."

शेखर जमिनीकडे बघत होता. भागुबाई म्हणाली, "मैना, बोल."

"पोर रुळेपर्यंत," मैना म्हणाली. शब्द दिला तो दिला. पोर रुळली हे कुणी आणि कधी सांगायचं, ते मात्र त्या ओसरीवर कुणाला सुचलं नाही.

शेखर वर्षातून एकदा यायचा. खंडेनवमीला रेल्वेच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा व्हायची, तिला लागणारी फुलं तो आपल्याच मळ्यातून न्यायचा. मैना गोणी भरून ठेवायची. "बरी आहे का?" ती विचारायची. "बरी आहे," तो म्हणायचा. एवढ्यावर वर्ष काढायचं.

पंचवटीत रंगनाथ यांची पिठाची गिरणी होती. त्यांचा मुलगा ललित याने वरच्या खोलीत केबलचं दुकान मांडलं होतं. घराघरांवरून वायर टाकून तो लोकांना चॅनेल दाखवी. शहाण्णव सालाच्या सुरुवातीला त्याच्या डोक्यात स्वतःचं, फक्त पोरांचं चॅनेल काढायचं आलं. उपग्रहावरून येणारी कार्टून इंग्रजीत बोलायची. पोरं चित्रं बघायची आणि बोलणं आपल्या मनाने लावायची. ललितला वाटायचं, चार ते सहा कार्टूनच्या टेपा लावाव्यात, मध्ये मराठीतून गोष्ट सांगावी, वाढदिवसाची नावं वाचावीत. चॅनेलचं नाव त्याने गिरणी काढणाऱ्या आजोबांवरून 'लहानू' ठेवलं. अडलं होतं ते चॅनेलची ओळख म्हणून पडद्यावर दाखवायच्या खुणेपाशी. पेंटरकडून सशाचं तोंड काढून घेतलं होतं. रंगनाथ ते बघून म्हणाले, "ससा म्हणतोस? मला तर गाढवाला सर्दी झाल्यासारखं दिसतंय."

चॅनेलसाठी आणलेल्या नव्या यंत्रांच्या पूजेला मैना हार घेऊन आली होती. खाली दळणाच्या रांगेत कुणाचं तरी पोर गळा काढून रडत होतं. मैनाने पायरीवरच पिठाच्या डब्याचं झाकण उपडं केलं आणि त्यावर बोटांनी पाकळ्या लावल्या. पोर गप्प झालं. ललित जिन्यात उभा राहून बघत होता.

"ताई, हे काय आहे?"

"झेंडोबा."

"कुणाचा?"

"आमच्या पोरीचा."

"मला देता?"

मैनाला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग ललितने समजावलं: टेबलावर काळं कापड, वरून कॅमेरा, ती रोज चार वाजता येऊन झेंडोबा करणार, फुंकर मारणार, पाकळ्या उडाल्या की कार्टून सुरू. सगळं थेट टीव्हीवर.

"माझं तोंड दिसणार का?"

"नाही. फक्त हात."

"टीव्हीवर? सगळीकडे?"

"सगळीकडे," ललित उत्साहात म्हणाला. त्याचं सगळीकडे म्हणजे त्याची वायर जाईल तिथे. मैनाचं सगळीकडे वेगळं होतं. तिच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारी रविवारी जी मालिका लागायची तीच सिन्नरलाही त्याच वेळी लागायची, हे तिने सासरी बघितलं होतं. टीव्ही म्हटला की एकच, जसा सूर्य एकच. दुकानातून निघालेली वायर खांबांवरून पश्चिमेला जाताना तिला दिसायची. इगतपुरी पश्चिमेलाच आहे. शब्द तिने जाण्यायेण्याबद्दल दिला होता. हात दिसण्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

तिने एकच अट घातली. ललित म्हणाला होता, मनगटावरचं गोंदण कॅमेऱ्यात जरा काळपट दिसतं, लांब बाह्यांचं पोलकं घालता का? मैना म्हणाली, "गोंदण दिसलं पाहिजे. नाहीतर दुसरी बाई बघा."

चॅनेल सुरू झालं. दुपारी ती चानकी भाजून फडक्यात बांधायची आणि पायी पंचवटीत यायची. ललितने प्लास्टरची चकती करून घेऊ म्हटलं, म्हणजे रोज भाकरीचा व्याप नको. ती म्हणाली, "जे खायचं नाही त्याच्यावर फुंकर कशाला मारायची?" फुंकर झाली की कार्टून लागायचं आणि झेंडोबाचं तोंड वायरमन केरू चहाबरोबर खायचा. "नाशकात सिंह खाणारा मी एकटाच," तो म्हणायचा.

चारला खाली गिरणीचा पट्टा चालू असायचा. त्याच्या धक्क्याने टेबल थरथरायचं आणि आयाळ हलायची. ललितने आधी वडिलांना तेवढ्यापुरती गिरणी बंद ठेवायला सांगितली. रंगनाथ म्हणाले, "बायका दळण घेऊन उभ्या आहेत, तुझ्या सिंहाला सांग थांबायला." मग लोकच सांगू लागले की सिंह जिवंत वाटतो, आणि तो विषय मिटला. वर्षभरात झेंडोबा शाळांच्या भिंतींवर आला. कंपासपेटीवर चिकटवायची त्याची चित्रं निघाली, टोप्या निघाल्या. घराघरांत पोरं टीव्हीसमोर गाल फुगवून बसायची आणि फुंकर आपणच मारली असं समजायची.

मैना यातलं काही बघायची नाही. तिचं लक्ष डाव्या हाताकडे असायचं. पाकळी लावून झाली की तो हात ती लगेच उचलायची नाही. गोंदण वर करून जरासा तिथंच ठेवायची. कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगाकडे ती कधीमधी बघायची. तिला तो एक मोठा डोळा वाटायचा, सीताफळाच्या बीसारखा.

भागुबाई शेजारी जाऊन टीव्ही बघून यायची. "तुझे हात लय मोठे दिसत्यात," ती म्हणाली. "तोंड नाय दिसत."

"हातच बघायचे हायेत."

"कुणी?"

मैनाने दिवा पुसायला घेतला.

त्या वर्षी खंडेनवमीची फुलं न्यायला शेखर आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "तेजू हल्ली टीव्हीसमोरून उठत नाही."

मैनाचा हात गोणीच्या तोंडाशी थांबला. "काय बघती?"

"कार्टून. आणखी काय बघणार."

"जेवताना बघती?"

"तेव्हाच जास्त. त्याशिवाय घास उतरत नाही. छाया वैतागते."

शेखर गेल्यावर मैना बांधावर बराच वेळ उभी होती. भागुबाईला नंतर आठवायचं, त्या दिवशी मैनाने कितीतरी वर्षांनी जेवताना दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

भागुबाई गेली ती अठ्ठ्याण्णवच्या थंडीत. ललितने निरोप धाडला की सुतक फिटेपर्यंत येऊ नका, आम्ही जुनी टेप लावू. मैना तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आली. जिन्यात रंगनाथ भेटले. "अगं, लोक काय म्हणतील?"

"सुतकात देवाला फूल चालत नाही," मैना म्हणाली. "सिंहाला चालतं." भावकीतल्या बायका तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. एरवीही फारशा बोलत नव्हत्या. आता घरात चुलीपाशी बोलायला कुणीच नव्हतं, आणि दिवसभरात मैनाचं जे काही सांगणं असेल ते चार वाजता त्या काळ्या कापडावर व्हायचं. आज गोंदण जरा पुसट दिसतंय का गं? आज थंडी आहे, स्वेटर घाल. आजी गेली बघ. हात हे सगळं सांगतात, असं तिला वाटायचं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात ती एके दिवशी नेहमीप्रमाणे आली, तर दुकानाबाहेर वायरची मोठाली भेंडोळी पडली होती. केरू घाम पुसत बसला होता.

"एवढी वायर कुठं चालली?"

"जिल्हाभर. मोठ्या कंपनीनं घेतलं ना आपलं चॅनेल. आता सिन्नर, दिंडोरी, पार इगतपुरीपर्यंत लहानू दिसणार."

"आता म्हणजे?"

"पावसाच्या आत. घाटमाथ्यावर पाऊस लागला की खांबावर चढायचं नाव नको."

"केरूभाऊ," मैना म्हणाली, "इगतपुरीला आजवर दिसत नव्हतं?"

केरू हसला. "आपली वायर गंगापूर नाक्याला संपते, ताई. त्याच्यापुढं दुसऱ्याचा एरिया, तिथं पाय ठेवला तर तंगडी तोडतील. इगतपुरीचं काय घेऊन बसलात?" मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. "का? कुणी आहे का तिकडं?"

"नाही," मैना म्हणाली आणि जिना चढली.

वर ललितने तिच्यासाठी खुर्ची ओढली. इतक्या वर्षांत खुर्ची त्याने कधी ओढली नव्हती, त्यावरून तिने ओळखलं. त्याने कॉम्प्युटर लावला. पडद्यावर झेंडोबा आला. गुळगुळीत, पिवळाधमक, पाकळी न पाकळी सारखी. तो आपला आपणच बनला, हसला, आणि पाकळ्या आपल्या आपणच उडाल्या.

"मुंबईच्या माणसानं केलाय. कंपनीची अट आहे, ताई. जिल्हाभर रोज थेट हात दाखवणं त्यांना जमणार नाही."

मैना पडद्याकडे बघत होती. "डोळे सारखे केलेत."

"त्यांना वाटलं, लहानमोठे डोळे म्हणजे काढणाऱ्याची चूक. मी सांगितलं त्यांना. ऐकलं नाही."

"ललितभाऊ, एक विचारू? जिल्हाभर सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी माझे हात दाखवता येतील? एकच दिवस. मग पुन्हा कधी नाही म्हणणार."

आता टेपा नाशिकरोडच्या कंपनीच्या ऑफिसातून लागणार होत्या. त्याच्या या खोलीत फक्त वर्गणी गोळा व्हायची होती. पण ती असं कधी मागत नसे, म्हणून तो त्या ऑफिसात जाऊन विचारून आला. दोन दिवसांनी स्वतः मळ्यात येऊन त्याने नाही म्हणून सांगितलं. मैनाने त्याला चहा दिला. जाताना तो म्हणाला, "ताई, कुणाला दाखवायचे होते हात?"

"कुणाला नाही. सवय झाली होती."

त्यानंतरही दुपार कलली की तिच्या हातून चानकी व्हायचीच. केरू नव्हता, मग ती कुत्र्याला घालायची. आपण पाच वर्षं गंगापूर नाक्याशी बोलत होतो, हे तिने एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं आणि तिला थोडं हसूही आलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेखर आला तो एकटा नव्हता. शाळेला सुट्टी होती, छायाला दिवस होते, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. "छायाच म्हणाली, ने तिला आत्याकडे, आता मोठी झाली," तो म्हणाला. एवढ्यावरच मैनाने ओसरीवर दिलेला तो शब्द सुटला. कधी काळी बांधला गेला होता, याची आठवण शेखरला असल्याचं दिसलं नाही.

तेजू दारात उभी होती. उंच झाली होती, दोन वेण्या. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "कशा आहात तुम्ही?"

मैनाला तिचं अगं-तूगं ठाऊक होतं. "बरी आहे," ती म्हणाली. "बस."

तेजू झेंडूच्या राशीशेजारी बसली. घर कधी पाहिलं नसल्यासारखं चुलीकडे, पाटाकडे, आढ्याकडे बघत होती. मैनाने हार ओवता ओवता डावं मनगट तिच्या समोर येईल असं धरलं. तेजूची नजर गोंदणावर गेली, क्षणभर थांबली आणि दोऱ्याकडे वळली. "किती भरभर ओवता," ती म्हणाली.

पाच वर्षं कॅमेऱ्यापुढे धरलेला तो हात पोरीपासून हातभर अंतरावर होता आणि तिला काही सांगत नव्हता. मैनाने पदर सारखा केला. तेव्हा तिला पाण्याची बाटली दिसली. बाटलीवर झेंडोबा चिकटवलेला होता, कंपनीचा, सारख्या डोळ्यांचा.

"हा आवडतो तुला?"

"आवडतो," तेजू म्हणाली. "पण बिघडवलाय त्यांनी."

"कसा?"

"आधी त्याचा एक डोळा बारीक होता. असा." तिने एक डोळा मिटत आणला. "आणि तो आपला आपण उडायचा नाही, फुंकर मारायला लागायची. मी वर्गात सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, थापा मारते."

"थापाच आहेत," शेखर गोणी शिवता शिवता म्हणाला. "आपल्याकडे चॅनेल आल्यापासून हा असाच आहे. गेल्या वर्षी तर आलं."

"नाही पप्पा. मी पाहिलाय."

"कुठे?"

"टीव्हीवरच. आणखी कुठे असणार?" तेजू हट्टाने म्हणाली. पण मग तिच्या कपाळाला आठी पडली. "फक्त तेव्हा टीव्ही खाली होता. जमिनीवर. आणि धूर होता."

सुई मैनाच्या बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं. बारीक डोळ्याचा झेंडोबा इगतपुरीच्या कुठल्याही पडद्यावर कधी दिसला नव्हता. तो या चुलीपुढे, या पाटावर दिसला होता, आणि पोरीने तो नेला होता. फक्त कुठून नेला ते वाटेत सांडलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाटही तोच होता, तिच्या गुडघ्याशी. पण शेखरने घड्याळ बघितलं, आणि तेजू तिच्याकडे बघत होती ती परक्या बाईकडून न्याय मागितल्यासारखी. त्या बघण्यावर एवढं ओझं टाकावंसं मैनाला वाटलं नाही. घरी छायाला दिवस होते.

"खोटं नाही बोलत ती," मैना म्हणाली. "होता बारीक. डावा."

"बघा," तेजू वडिलांना म्हणाली. मग मैनाकडे वळली. "तुम्ही पण बघायच्या?"

"रोज."

तेजूने घरभर नजर फिरवली. "पण तुमच्याकडे टीव्ही कुठाय?"

"शेजारी जायचे."

शेखरने गोणी खांद्यावर घेतली. गाडी चुकली असती. तेजूने पुन्हा वाकून नमस्कार केला, या वेळी जरा कमी अवघडून, आणि बांधापर्यंत गेल्यावर मागे वळून ओरडली, "डावाच होता ना, आत्या?"

"डावाच," मैना म्हणाली.

ती दोघं रस्त्याला लागेपर्यंत ती दारात होती. मग आत येऊन राशीपाशी बसली. परवा दसरा होता. अर्धी पाटी अजून ओवायची राहिली होती.